लासं

पेटीचा कोपरा लागला तो ऑक्टोबरात,
सालमनच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
गोठलेल्या माशांची पेटी. डाव्या गालावर, कानाच्या जरा पुढे.
काळंनिळं झालं, मग हिरवट, मग पिवळं,
पंधरा दिवसांत गाल पुन्हा माझा झाला.

नाताळच्या सुमारास (आमच्याकडे तेव्हा उन्हाळा असतो,
चिल्कोची फुलं कुंपणभर लोंबत होती)
आरशात दिसला मसुराएवढा लाल ठिपका.
वाटलं, डास.
मार्चपर्यंत तो कानापासून जबड्यापर्यंत उतरला,
कडा अशा, की कुणी पेला कलंडवून
पुसायचं विसरून गेलं असावं.

सत्तेचाळीस वय. या वयात
केस पिकतात, गुडघे बोलायला लागतात,
ते ठरलेलंच असतं.
जन्मखूण येत नाही.
तिची यायची वेळ टळून गेलेली असते.

कास्त्रोच्या दवाखान्यातला डॉक्टर पोरगेलासा.
त्यानं काचेची पट्टी डागावर दाबून धरली,
"बघा," म्हणाला, आणि आरसा पुढे केला.
काचेखाली पांढराफटक
माझा जुना गाल.
पट्टी उचलली. रक्त परत आलं,
घाई न करता,
आमच्या खांबांवरच्या घराखाली भरती येते तसं.
"केशवाहिन्या रुंदावल्यात. क्वचित होतं, मार लागल्यावर.
दुखणार नाही. आपणहून जाणारही नाही."
लेझरसाठी पुएर्तो मोंतला जावं लागेल,
सहा वेळा, कदाचित आठ.
मी मनात बोटीचं भाडं मोजलं.

दुखत नाही, हे खरं.
पण पाव घेताना नेल्दा बाहामोन्दे
आवाज खाली आणते: "घरी सगळं ठीक ना?"
घरी कोण आहे? मी, आई, आणि एक शेगडी
जिला ओली लाकडं चालत नाहीत.
नवरा अकरा वर्षांपूर्वी पुंता अरेनासला गेला तो गेलाच,
आणि खोटं कशाला बोलू,
त्यानं कधी हात उचलला नव्हता.
आता गावभर त्याच्या नावावर हा एक डाग.
ओळखपत्राच्या खिडकीमागची बाई
फोटो बघते, मला बघते, पुन्हा फोटो.
"बहीण का?"

आईचं निराळं.
ती मला कधी एर्सीरा म्हणते,
कधी मेलेल्या मावशीच्या नावानं हाक मारते,
कधी नुसतंच, "बाई, तुम्ही."
एका संध्याकाळी सूप भरवताना
चमचा अर्ध्यात अडवून तिनं हात वर केला,
अंगठ्यानं डागाची कड चाचपत गेली
बटाट्याच्या वाफ्याची हद्द पाहावी तशी.
"मुर्ता," म्हणाली.
"तू पोटात होतीस तेव्हा मुर्ताच खाल्ली मी,
त्या शरदात दुसरं काही घशाखाली जाईना.
सुईण म्हणाली, धुऊन निघेल. मी म्हटलं, राहू दे.
एवढ्या पोरींत माझी कोणती, कसं कळायचं?"

माझ्या वेळी सुईण नव्हती.
आंकुदच्या इस्पितळात जन्मले मी, जुलैत,
कागद आहे, ट्रंकेत.
मी कागद काढला नाही.
सूप निवत होतं. तिचा अंगठा तिथंच होता,
आणि त्याच्याखाली, मला न बघताही कळत होतं,
तेवढा गाल पांढरा झाला असणार.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा "बाई, तुम्ही"वर आली.

पुएर्तो मोंतच्या फॉर्मवर एक रकाना आहे:
केव्हापासून.
बोटीवर खिडकीशी बसून मी पेन काढलं,
'ऑक्टो' एवढं लिहिलं.
चाकाओची खाडी हलत होती, अक्षर वाकडं आलं.
पुढचं अजून लिहिलेलं नाही.